हौदांतील कोई मासे आणि निर्बंधांतील औषधें

मनुष्यानें हौसेनें पाळलेल्या प्राण्यांत मासा हा एक चमत्कारिक रोगी आहे. गाईच्या घशांत काढा ओततां येतो, कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी हातानें काढतां येतात, पिंजऱ्यांतील पोपटाला फळाच्या फोडींतून औषध चारतां येतें. माशाचें तसें नाहीं. त्याच्या अंगावर, कल्ल्यांवर बांडगुळासारखे जगणारे परोपजीवी जीव मारावयाचे तर तो ज्या पाण्यांत श्वास घेतो, खातो आणि मलविसर्जन करतो, तें सबंध पाणीच औषधी करावें लागतें. शत्रूला मारील पण माशाला मारणार नाहीं, अशा बेतानें तें औषध मोजावें लागतें. म्हणजे येथें रोग्याला औषध द्यावयाचें नसून त्याच्या साऱ्या जगाला विष द्यावयाचें असतें, आणि त्यांतून रोगी तेवढा जिवंत निघावा अशी अपेक्षा करावयाची असते. शोभेचे मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचा रसायनांशीं, आणि रसायनांमुळें सरकारी कायद्यांशीं, जो संबंध येतो त्याचें मूळ या साध्या गोष्टींत आहे. ब्रिटनमधील कोई-पालकांचें उदाहरण घेतलें तर हा संबंध किती गुंतागुंतीचा झाला आहे तें चांगलें समजतें.

कोई हा मराठी वाचकांच्या ओळखीच्या रोहू-कटल्याच्याच मोठ्या कुळांतील एक कार्प मासा. जपानच्या निईगाता प्रांतांतील डोंगराळ भागांत शेतकरी बर्फाच्या दिवसांत खाण्यास उपयोगी पडावेत म्हणून भातशेतीच्या पाणसाठ्यांत काळसर कार्प पाळीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांतील कांहींच्या अंगावर तांबडे आणि पांढरे डाग उठलेले दिसले. ते मासे शेतकऱ्यांनीं चुलीकडे न नेतां निराळे ठेवले आणि त्यांचीच वीण वाढविली. १९१४ सालीं तोकियो येथील प्रदर्शनांत ते मांडले गेले आणि सबंध जपानास त्यांची ओळख झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानें आणि प्राणवायु भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांच्या साहाय्यानें ते जगभर पसरले. इंग्लंडांत आज कित्येक सामान्य घरांच्या मागील बागेंत दहा-पंधरा हजार लिटर पाण्याचा खोल हौद, त्यास पंप, गाळण्या, हवेच्या नळ्या असा सगळा थाट आढळतो. हा मासा दोन फुटांपर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक वाढतो. नीट जपल्यास कित्येक दशकें जगतो. पाळणाऱ्याची चाहूल ओळखून काठाशीं येतो आणि त्याच्या हातांतून दाणा घेतो. घरांतील मुलें शिकून सवरून बाहेर पडतात, तरी हौदांतला मासा तेथेंच असतो. असा पंधरा-वीस वर्षांचा सोबती एका सकाळीं अंग भिंतीला घांसतांना दिसला, किंवा पंख मिटून तळाशीं बसलेला आढळला, म्हणजे पालकाच्या पोटांत गोळा उभा राहतो. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

या माशांचे शत्रु बहुतेक डोळ्यांना न दिसणारे आहेत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय जीव माशाच्या त्वचेंत शिरतो, तेथेंच खाऊन फुगतो आणि रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका होऊन बाहेरून दिसूं लागतो. ठिपका दिसला म्हणून त्यावर औषध चालतें असें मात्र नाहीं. त्वचेच्या आड तो सुरक्षित असतो. पूर्ण वाढला म्हणजे तो आपण होऊन गळून पडतो, तळाशीं जाऊन स्वतःभोंवतीं एक कोश करतो आणि त्या कोशांत त्याचीं शेंकडों शकलें होतात. कोश फुटून तीं पिलें नव्या माशाच्या शोधांत पोहूं लागलीं म्हणजेच औषध त्यांना गांठूं शकतें. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तीं मरतात. सांपडला तर पुन्हां त्वचेचें कवच मिळालें. हें सारें चक्र उन्हाळ्यांतील कोमट पाण्यांत आठवड्याच्या आंत पुरें होतें, आणि थंड पाण्यांत त्याला कित्येक आठवडे लागतात. यास्तव एकदां औषध टाकून स्वस्थ बसणारा पालक रोगाला नुसती हूल देतो. पाण्याची उष्णता पाहून ठराविक अंतरानें मात्रा पुन्हां पुन्हां द्याव्या लागतात.

याखेरीज कॉस्टिया नांवाचा अतिसूक्ष्म जीव आहे. तो थंडींतहि निर्वेधपणें वाढतो. ट्रायकोडिना हा वाटोळा, आंतून दांतेरी कडें असलेला जीव सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं जात्यासारखा गरगरतांना दिसतो. कल्ल्यांना आणि अंगाला आंकड्यांनीं चिकटणारे दोन प्रकारचे चपटे कृमि आहेत. त्यांतला एक अंडीं घालतो. दुसरा सरळ पिलांनाच जन्म देतो, आणि त्या पिलाच्या पोटांत त्याच्या पुढची पिढी अगोदरच वाढत असते. सृष्टींतील हा बाहुलींत बाहुलीचा खेळ अभ्यासकास मौजेचा वाटतो. हौद ज्याचा आहे त्यास नव्हे. शेवटीं कवचधारी वर्गांतले दोन शत्रु, म्हणजे झिंगे-खेंकड्यांचे दूरचे भाऊबंद. आर्ग्युलस ही माशांची ऊ. ती चपटी, पारदर्शक आणि उघड्या डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असते. ती सोंडेसारखा कांटा टोंचून रस शोषते आणि अंडीं घालण्यास मासा सोडून हौदाच्या भिंतीवर जाते. लर्निया आपलें नांगरासारखें डोकें माशाच्या मांसांत रुतवून बसतो.

इंग्लंडच्या हिवाळ्यांत हौदांतील पाणी चार-पांच अंशांपर्यंत उतरतें आणि माशाची प्रतिकारशक्ति जणूं झोंपी जाते. वसंतांत पाणी तापूं लागतें तेव्हां परोपजीवी आधीं जागे होतात, माशाची शक्ति मागाहून जागी होते. मधले ते कांहीं आठवडे पालकांच्या मोठ्या काळजीचे असतात, आणि औषधांच्या बाटल्या सर्वांत अधिक खपतात त्या याच दिवसांत.

या बाटल्यांत मुख्यतः दोन पदार्थ असतात. पहिला मॅलाकाइट ग्रीन. या नांवाच्या हिरव्या खनिजाशीं त्याचा रंगापुरताच संबंध आहे. हा एक कृत्रिम रंग असून रेशीम, कातडें आणि कागद रंगविण्यासाठीं तो निघाला. १९३६ च्या सुमारास अमेरिकेंतील मत्स्यसंवर्धकांनीं माशांवरील बुरशीसाठीं तो वापरून पाहिला आणि तो इतका गुणकारी ठरला कीं, पुढें कित्येक वर्षें माशांच्या वैद्यकांत त्याला तोड नव्हती. दुसरा पदार्थ फॉर्मालिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचें सुमारें ३७ टक्क्यांचें द्रावण. वैद्यकीय महाविद्यालयांत शव राखण्यासाठीं जें वापरतात तेंच. हे दोन्ही पदार्थ एकत्र दिले तर प्रत्येकाच्या एकट्याच्या शक्तीहून त्यांची जोड अधिक प्रभावी होते, असें १९७२ सालीं अमेरिकेंत दाखविण्यांत आलें, आणि हें मिश्रण हौशी पालकांचें ब्रह्मास्त्र बनलें. त्याचें नेहमींचें प्रमाण असें: १००० लिटर पाण्यास २५ मिलिलिटर फॉर्मालिन आणि फार तर एक दशांश ग्रॅम मॅलाकाइट ग्रीन. पांढरे ठिपके, कॉस्टिया, ट्रायकोडिना या सर्वांवर तें चालतें.

मग त्यावर निर्बंध कां आले? श्रोत्यांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, कांहीं अतिउत्साही अधिकाऱ्यांनीं हा छंदिष्टांचा छळ मांडला असावा. तसें नाहीं. मॅलाकाइट ग्रीन माशाच्या शरीरांत गेल्यावर त्याचें एका रंगहीन रूपांत परिवर्तन होतें, आणि तें रूप माशाच्या चरबींत दीर्घ काळ टिकून राहतें. रंग दिसत नाहीं म्हणून पदार्थ गेला असें समजावें, तर तो तेथेंच असतो. या रंगहीन रूपाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत यकृतांत गांठी होण्याचा संशय बळावला. जो मासा मनुष्याच्या ताटांत यावयाचा त्यांत असा पदार्थ असूं नये, हें कोणासहि पटेल. ब्रिटनमध्यें २००२ सालीं खाण्याच्या माशांसाठीं त्याचा वापर थांबला, आणि २००३ च्या अखेरीस युरोपीय संघानें प्रयोगशाळांवर असें बंधन घातलें कीं, एक किलो मांसांत २ मायक्रोग्रॅम इतका अंश असला तरी तो हुडकून काढतां आला पाहिजे. महाराष्ट्रांतील गृहिणींनाहि हा रंग अगदींच परका नाहीं. भेंडी, मिरची, वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून भेसळ करणारे याच रंगाचा आश्रय घेतात, आणि ओल्या कापसानें भेंडी पुसून पाहण्याची जी परीक्षा सांगतात ती याचसाठीं. फॉर्मालिनची गोष्टहि तशीच. २०१८ च्या जुलै महिन्यांत गोव्यांत बाहेरून आलेल्या माशांत फॉर्मालिन असल्याच्या संशयावरून केवढी खळबळ उडाली आणि माशांची आयात कांहीं काळ बंद करावी लागली, तें पुष्कळांना आठवत असेल. ज्या गांवांत दुपारच्या जेवणाला मासळी नसली तर जेवण झालेंसें वाटत नाहीं, तेथें लोकांनीं मासळीकडे पाठ फिरविली.

परंतु कोई कोणी खात नाहीं. तो हौदांत जन्म काढतो आणि मेला तर बागेंतल्या झाडाखालीं पुरला जातो. त्याच्या मांसांतील अंशाचें भय कोणाला? या प्रश्नाला ब्रिटिश कायद्यानें दिलेलें उत्तर बऱ्याच अंशीं समंजस आहे. तेथील नियमाप्रमाणें जनावरांसाठीं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधास सरकारी अधिकारपत्र लागतें, आणि तें मिळविण्यास लागणारे प्रयोग अतिशय खर्चाचे असतात. खाण्याच्या माशांचे मोठे व्यापारी मळे पाहून एखादी कंपनी तो खर्च करील; परंतु ससे, पिंजऱ्यांतील पक्षी, निरोप्या कबुतरें किंवा शोभेचे मासे यांच्या औषधांचा खप तेवढा नसतो. म्हणून २०१३ च्या पशुवैद्यकीय औषधांच्या नियमांत अशा लहान पाळीव प्राण्यांसाठीं एक सवलत ठेवली आहे. औषधांतील क्रियाशील द्रव्य सरकारी खात्यानें मान्य केलेलें असेल, तें केवळ पशुवैद्याच्या चिठ्ठीनेंच देण्याजोगें नसेल, आणि ज्याला द्यावयाचें तो प्राणी माणसाच्या खाण्यांत जाणारा नसेल, तर पूर्ण अधिकारपत्रावांचूनहि तें विकतां येतें. बंदिस्त पाण्यांतील शोभेचे मासे या सवलतींत येतात. युरोपीय संघाच्या २०२२ सालच्या जानेवारीपासून लागू झालेल्या नियमांतहि अशी सवलत देण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना आहे. पण ती मुभा आहे, सक्ति नव्हे. त्यामुळें एकाच रोगाला एका देशांत दुकानांत मिळणारें औषध शेजारच्या देशांत न मिळणें संभवतें.

एवढें झाल्यावर हौशी पालकास तक्रारीला जागा उरूं नये. परंतु ती उरते, आणि तिचें कारण समजून घेण्याजोगें आहे. पूर्वीं हा मनुष्य निव्वळ फॉर्मालिनचा डबा आणि मॅलाकाइट ग्रीनची पूड निरनिराळी विकत घेई आणि आपल्या हौदाच्या मानानें मिश्रण स्वतः करी. फॉर्माल्डिहाइडमुळें मनुष्यास कर्करोग होतो, असा निर्णय कर्करोगाच्या संशोधनासाठीं असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००४ सालीं दिला. युरोपीय संघानें २०१४ मध्यें त्याचें वर्गीकरण तसेंच कडक केलें. तें अमलांत आल्यावर शेंकडा एक दशांशाहून अधिक फॉर्माल्डिहाइड असलेलें द्रावण सामान्य लोकांना विकण्यास बंदी झाली. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांना ही बंदी लागू नाहीं. ब्रिटन पुढें संघांतून बाहेर पडला, तरी हा नियम त्यानें ठेवला. म्हणजे तयार मिश्रणाची बाटली राजरोस मिळेल. सुटें फॉर्मालिन मिळणार नाहीं.

वरवर पाहतां यांत कांहीं बिघडलें नाहीं. प्रत्यक्षांत हौदापाशीं उभा असलेल्या माणसाचें पुष्कळ बिघडतें. तयार बाटलींत दोन्ही द्रव्यांचें प्रमाण ठरलेलें असतें. उन्हाळ्यांत पाणी पंचवीस अंशांवर गेलें कीं, त्यांत प्राणवायु लिटरमागें जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो. फॉर्मालिन स्वतःच पाण्यांतील प्राणवायु खातें. दर हजार लिटरांस पांच मिलिलिटर फॉर्मालिन घातलें तर लिटरमागें सुमारें एक मिलिग्रॅम प्राणवायु हळूहळू नाहींसा होतो. पूर्ण मात्रेस पांच मिलिग्रॅम गेला. उरलेल्या तीनांत मोठा मासा जगावा कसा? अनुभवी पालक अशा वेळीं फॉर्मालिन कमी करी आणि हवेचा पंप दुप्पट जोरानें चालवी. ठराविक मिश्रणांत एक कमी करावें तर दुसरेंहि कमी होतें आणि रोग हटत नाहीं. खर्चाचाहि प्रश्न आहेच. मत्स्यालयाच्या कांचेच्या पेटीसाठीं भरलेली लहान बाटली पंधरा हजार लिटरांच्या हौदाला किती पुरणार, आणि तीहि तीन-चार वेळां?

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. सुटें रसायन दुकानांत मिळेनासें झालें म्हणून त्याची गरज संपत नाहीं. जो मिळवूं पाहतो त्याला तें कोठून तरी मिळतें. अशा आडमार्गानें आलेल्या बाटलीवर शुद्धतेचा उल्लेख नसतो, द्रावण किती जुनें तें कळत नाहीं. मॅलाकाइट ग्रीनचे कांहीं प्रकार जस्ताचा क्षार घालून तयार करतात आणि जस्त माशांना विषारी आहे. रेशीम रंगविणाराला त्याची पर्वा असण्याचें कारण नाहीं. थंड जागीं राहिलेल्या फॉर्मालिनमध्यें तळाशीं पांढरा साका बसतो. तो मूळ द्रव्याहून माशांना पुष्कळ अधिक घातक असतो; परंतु ज्याला ठाऊक नाहीं तो बाटली हालवून सगळेंच हौदांत ओततो. निर्बंधानें हानि कमी व्हावी हा हेतु. पण ज्याची पेटी माहितीच्या चिठ्ठीसह दुकानांत मिळत होती तीच वस्तु बिनचिठ्ठीची घरांत येऊं लागली तर हेतु अर्धवटच साधला, असें म्हणावें लागतें.

मापाच्या चुकाहि याच वाटेनें शिरतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मात्रा गॅलनवर दिलेल्या असतात, आणि गॅलन दोन आहेत. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरांहून किंचित् मोठा, अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरांच्या आसपास. अमेरिकन पुस्तक उघडून ब्रिटिश हौदाला औषध मोजणारा मनुष्य जवळ जवळ एक षष्ठांशाची चूक करतो. ब्रिटिश पुस्तकावरून अमेरिकन हौदाला मोजणारा उलट बाजूला एक पंचमांशाची. मॅलाकाइट ग्रीनसारख्या विषांत बरें करणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांतलें अंतर फार नसतें, त्यांत एवढी चूक खपत नाहीं. शिवाय हौदांत पाणी खरोखर किती आहे हेंच पुष्कळांना ठाऊक नसतें. लांबी, रुंदी, खोली यांच्या गुणाकारांत कोपऱ्यांची गोलाई आणि गाळण्यांतलें पाणी धरलेलें नसतें. शहाणे लोक हौद प्रथम भरतांनाच नळावर मापक बसवून एकदां खरा आंकडा लिहून ठेवतात.

कवचधारी शत्रूंच्या बाबतींत परिस्थिति याहून बिकट झाली. माशांची ऊ आणि लर्निया यांच्यावर मॅलाकाइट ग्रीन चालत नाहीं. त्यांच्यावर पूर्वीं शेतीच्या कीटकनाशकांपैकीं सेंद्रिय फॉस्फरसाचीं औषधें, मुख्यतः ट्रायक्लोरफॉन, वापरीत. हीं द्रव्यें किड्याच्या मज्जातंतूंवर आघात करतात, आणि मनुष्याचे मज्जातंतु त्याच धाटणीचे असल्यामुळें हाताळणाऱ्यावरहि. ट्रायक्लोरफॉनला २००७ सालीं युरोपीय संघानें शेतीसाठीं मान्यता नाकारली, आणि त्याच वर्गांतील डायक्लोरव्हॉसचे पदार्थ ब्रिटननें २००२ मध्येंच रोखून धरले होते. त्यांच्या जागीं अधिक सौम्य म्हणून डायफ्लुबेंझुरॉन आलें. तें ऊ मारीत नाहीं. तिला वाढतांना जुनें कवच टाकून नवें करावें लागतें, तें होऊं देत नाहीं. मासा, पक्षी, मनुष्य यांना असलें कवच नसल्यामुळें त्यांना त्याचा त्रास फार कमी. परंतु ओढ्यांतील झिंगे, पाण्यांतील पिसवा आणि किड्यांच्या अळ्या या सर्वांना कवच आहे, आणि हौदांतलें पाणी कधीं ना कधीं ओढ्यांत जाणारच. म्हणून अमेरिकेंत तें केवळ परवाना असलेल्या व्यक्तींनींच वापरावयाच्या कीटकनाशकांत आहे. येथें पालकाच्या दृष्टीनें अडचणीचें असलेलें बंधन ओढ्याच्या दृष्टीनें अगदीं योग्य आहे. दोघांचें एकाच वेळीं समाधान होणें नाहीं.

ब्रिटनमध्यें या शत्रूंसाठीं आतां बहुधा पशुवैद्याकडे जावें लागतें. एखाद्या जातीच्या प्राण्यासाठीं अधिकृत औषध नसेल तर दुसऱ्या जातीसाठीं अधिकृत असलेलें औषध पशुवैद्य स्वतःच्या जबाबदारीवर देऊं शकतो, अशी पायरीपायरीची व्यवस्था तेथील नियमांत आहे. समुद्रांतील सामन माशांच्या उवांसाठीं निघालेलें औषध या वाटेनें कोईपर्यंत पोहोंचूं शकतें. व्यवस्था उत्तम; पण कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत बसणारे बहुसंख्य पशुवैद्य माशांच्या रोगांत मुरलेले नसतात, आणि जे असतात ते थोडे व दूर दूर. मासा टोपलींत घालून त्यांच्याकडे नेतां येत नाहीं, त्यांनाच हौदापाशीं आणावें लागतें.

आणखी एक बंधन असें आहे कीं, त्याचा माशांशीं कांहींच संबंध नाहीं. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक महाराष्ट्रांतील जुन्या पिढीला चांगले परिचित. पटकीच्या सांथींत विहिरींत परमँगनेट टाकून पाणी लाल करण्याची पद्धत हँकिन या आग्र्याच्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुरस्कारिली आणि ती खेडोपाडीं पोहोंचली. हेंच परमँगनेट हजार लिटरांस सुमारें दोन ग्रॅम या मानानें हौदांत घातलें तर माशांच्या अंगावरील पुष्कळसे परोपजीवी जळून जातात. परंतु कोकेन या मादक पदार्थाचा कच्चा माल शुद्ध करण्यासहि तेंच लागतें. म्हणून १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराखालीं तें नियंत्रित द्रव्यांत आलें आणि २००१ मध्यें अधिक कडक देखरेखीच्या यादींत गेलें. परमँगनेट अधिक झालें तर त्याचा प्रभाव तत्काळ मारण्यासाठीं कोई-पालक हायड्रोजन पेरॉक्साइड जवळ ठेवतात. त्याचें १२ टक्क्यांहून तीव्र द्रावण स्फोटकें बनविण्यास उपयोगी पडतें म्हणून ब्रिटनमध्यें गृहखात्याच्या परवान्यावांचून जवळ बाळगतां येत नाहीं. सौम्य द्रावणानेंहि हें काम भागतें, ही त्यांतल्या त्यांत सोय. कोकेनवाले आणि बाँबवाले यांच्या पापाचा वांटा असा एका निरुपद्रवी गृहस्थाच्या बागेपर्यंत येऊन पोहोंचतो.

या सगळ्या खटाटोपाचा एक परिणाम मात्र चांगला झाला आहे. पूर्वीं मासा अंग घांसूं लागला कीं, पुष्कळ पालक हाताला येईल ती बाटली ओतीत; एकानें गुण आला नाहीं तर दुसरी. त्यांत गाळणींतील उपकारक जंतूहि मरत. हे जंतु माशांच्या मलांतील अमोनिया पचवून पाणी जगण्यालायक ठेवतात. ते गेले म्हणजे रोगानें न मेलेला मासा स्वतःच्याच विष्ठेच्या विषानें मरे. आतां औषध महाग आणि दुर्मिळ झाल्यामुळें आधीं रोग ओळखावा ही बुद्धि बळावली. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर कांचेच्या पट्टीवर हलकेच खरवडून घ्यावयाचा, वर पातळ कांच ठेवावयाची आणि शंभर-दोनशें पटींच्या सूक्ष्मदर्शकांतून पाहावयाचें, हें आज अनेक हौशी माणसें सफाईनें करतात. गरगरणारें जातें दिसलें तर ट्रायकोडिना, आंकडे असलेला कृमि दिसला तर निराळें औषध. कृमींसाठीं प्राझिक्वांटेल हें द्रव्य उपयोगी पडतें. मनुष्यांतील शिस्टोसोम कृमींवर जगभर वापरलें जाणारें औषध तेंच. तेंहि अंड्यांवर चालत नाहीं, म्हणून अंडीं घालणाऱ्या कृमीसाठीं अंडीं उबल्यानंतर पुन्हां मात्रा द्यावी लागते.

बिनपरवान्याची आणि बिनभयाची वस्तु एकच, ती म्हणजे मीठ. हजार लिटरांस तीन किलो या हिशेबानें तें विरघळविलें तर माशाचा श्रम हलका होतो आणि कांहीं सूक्ष्म शत्रु मरतात. ट्रायकोडिनाच्या कित्येक पैदाशी मिठाला दाद देत नाहींत, आणि उवेला तर त्याचें कांहींच वाटत नाहीं. म्हणून जाणते लोक नवा मासा सरळ मोठ्या हौदांत सोडीत नाहींत. कांहीं आठवडे वेगळ्या लहान हौदांत, पाणी कोमट ठेवून त्याला राहूं देतात. पाणी कोमट असलें कीं, पांढऱ्या ठिपक्यांचें चक्र लवकर फिरतें आणि दडलेला रोग लवकर उघड होतो. त्या लहान हौदाला पांचशें लिटरांचें औषध पुरतें, पंधरा हजारांचें लागत नाहीं. मात्रा अचूक मोजतां येते, आणि चूक झालीच तर पाणी तासाभरांत बदलतां येतें.

उपचार संपल्यावर राहतें तें औषधी पाणी. इंग्लंडांतील पुष्कळ घरांच्या अंगणांतील पावसाचें गटार सांडपाण्याच्या कारखान्याकडे न जातां सरळ जवळच्या ओढ्याला मिळतें, आणि ओढा दूषित करणें हा तेथें गुन्हा आहे. म्हणून मॅलाकाइट ग्रीन घातलेलें पाणी सक्रिय कोळशाच्या गाळणींतून फिरवितात. कोळसा तो रंग शोषून घेतो. परमँगनेटचें पाणी जांभळ्याचें तपकिरी होईपर्यंत तसेंच राहूं देतात. फॉर्मालिन पाण्यांतील जंतु हळूहळू खाऊन टाकतात, त्यास अवधि लागतो. तोंपर्यंत पंप आणि हवेच्या नळ्या रात्रंदिवस चालूं ठेवावयाच्या, माशांना दाणा कमी द्यावयाचा, आणि हिरवट पाण्यांतून हौदाचा तळ पुन्हां स्वच्छ दिसूं लागेपर्यंत एक थेंबहि बाहेर सोडावयाचा नाहीं.